यकृताची शस्त्रक्रिया व परिचर्या

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. विषय निवडण्याची मोकळीक होती. संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे अलीकडे यकृताच्या विकारांचे अर्ज येऊ लागले आहेत. नांदेड, परभणी, लातूरकडील आपले नातलग मोठ्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबादेस येतात आणि त्यांच्याजवळ दवाखान्यात बसण्याची पाळी आपल्यापैकी कोणावर तरी येते. अशा वेळी शल्यचिकित्सकाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, परंतु रात्री दोन वाजता रुग्णाच्या उशाशी उभ्या असणाऱ्या परिचारिकेचे काम नेमके काय, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ते समजून घेतले तर रुग्णाचे हित साधते व आपल्याही हातून नकळत होणारा अपाय टळतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आम्ही पेशाने शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. आमच्या वर्गातून शिकून गेलेल्या काही मुली आज शल्यविभागांत परिचारिका आहेत. त्यांच्याशी झालेली बोलणी व या विषयावरील प्रमाणभूत लेखन यांच्या आधारे पुढील माहिती दिली आहे. तिचा उपयोग समजण्यासाठी करावा. उपचाराच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांचाच शब्द अखेरचा मानावा.

काळीज म्हणजे काय?

मराठीत आपण 'काळीज' म्हणतो तेव्हा हृदय असे समजतो. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असाच आहे. आमच्या घरी उर्दूत त्यास 'जिगर' म्हणतात, आणि बकऱ्याची कलेजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा अवयव किती रक्ताने भरलेला असतो हे निराळे सांगावयास नको. धैर्यवान माणसास दख्खनीत जिगरवाला म्हणतात व मराठीत वाघाचे काळीज असलेला म्हणतात, ते काही उगीच नव्हे.

प्रौढ माणसाचे यकृत वजनाने सुमारे दीड किलो असते. ते उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली असते. त्यास दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे एक चतुर्थांश रक्त धमनीतून येते, आणि उरलेले तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या एका मोठ्या शिरेतून येते. मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त या अवयवातून वाहते, म्हणजे हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा सुमारे चौथा हिस्सा. यकृतावर सुरी चालविणे अवघड का, याचे एक कारण येथेच मिळते.

दुसरे कारण त्याच्या कामांत आहे. रक्त गोठविणारे बहुतेक घटक यकृत तयार करते. साखरेचा साठा ते करते आणि उपाशीपोटी ती हळूहळू रक्तात सोडते. पित्त तेच बनविते. आतड्यांत तयार होणारा अमोनिया ते निरुपद्रवी करते. आपण घेतो त्या पुष्कळशा औषधांचा निचराही तेथेच होतो. म्हणून यकृताचा भाग कापला की एकाच वेळी पाच-सहा खात्यांचा कारभार ढिला पडतो. कोणते खाते केव्हा ढिले पडते, हे ओळखत राहणे हीच या शस्त्रक्रियेनंतरची परिचर्या होय.

मात्र निसर्गाने या अवयवास एक अपूर्व शक्ती दिली आहे. कापलेला तुकडा पुन्हा फुटत नाही, पण उरलेला भाग वाढतो व सर्व काम अंगावर घेतो. निरोगी यकृत असेल तर पाव हिश्श्याहून थोडा अधिक भाग राहिला तरी माणूस तरतो. दारू, काविळीचे विषाणू किंवा चरबी यांनी यकृत आधीच कठीण झाले असेल तर सुमारे चाळीस टक्के भाग राखावा लागतो. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत वेगाने होते. ती होईपर्यंतचे दिवस निभावून नेणे, हा सारा प्रश्न आहे.

थोडा इतिहास

जर्मनीत कार्ल लांगेनबुख यांनी १८८८ साली यकृताचा भाग ठरवून कापण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली असे मानतात. त्याही रुग्णास नंतर रक्तस्राव झाला व पोट पुन्हा उघडावे लागले. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली यकृतात जाणाऱ्या रक्तवाहिन्या बाहेरच काही वेळ दाबून धरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी १९५७ साली यकृताचे रक्तवाहिन्यांच्या शाखांप्रमाणे आठ भाग दाखवून दिले, आणि कोठून कापावे याचा नकाशा हाती आला. व्हिएतनाममधील हनोई येथे तोन थात तुंग यांनी अपुऱ्या साधनांत या शस्त्रक्रियेत मोठे नाव मिळविले. अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली माणसातील पहिले यकृत प्रत्यारोपण केले, परंतु रुग्ण दीर्घकाळ जगला असे यश त्यांना १९६७ साली आले. आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. १९९८ साली दिल्लीत एका लहान बालकास त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग देऊन पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण करण्यात आले.

आपल्या हैदराबादचा या इतिहासाशी एक निराळाच संबंध आहे. येथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्यासाठी सहावे निजाम महबूब अली खान यांनी पैसा पुरविला आणि 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्राने विलायतेहून तज्ज्ञ पाठविला. भूल देताना नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास येथे भूल देण्याचे शास्त्र शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत होते. पुढे संशोधनाने सिद्ध झाले की क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी थांबू शकते, शिवाय काही रुग्णांच्या यकृतास त्याने दोन-चार दिवसांनी गंभीर इजा होते. शस्त्रक्रिया पार पडली, रुग्ण शुद्धीवर आला, बोलला, आणि मग तिसऱ्या दिवशी काविळीने बिघडला, असे तेव्हा घडे. क्लोरोफॉर्म आता वापरातून गेले. परंतु यकृताचे संकट उशिरा प्रकट होते, हा त्यातला धडा कायम आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

परिचारिकेचे काम रुग्ण शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वीच सुरू होते. ती प्रथम रुग्णाची सारी हकीकत लिहून घेते: कोणती औषधे चालू आहेत, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, दात घासताना रक्त येते काय, अंगावर काळेनिळे डाग उठतात काय, दारू किंवा तंबाखूचे व्यसन आहे काय. येथे घरची मंडळी अनेकदा संकोचाने खोटे सांगतात. "आमचे बाबा दारूला शिवत नाहीत," असे मुलगा सर्वांसमोर सांगतो आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाबांना कापरे भरते, भास होऊ लागतात. दारू एकाएकी सुटल्याचे ते लक्षण की यकृत थकल्याचे, हे ओळखण्यात मोलाचा वेळ जातो. सिस्टरला खरे सांगितल्याने कोणाची अब्रू जात नाही. ते तक्त्यावर राहते, बाजारात जात नाही.

तसेच झाडपाल्याच्या औषधांचे. काविळीवर गळ्यात माळ घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'कावीळ उतरविणे' हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. माळेने अपाय होत नसेल, पण तिच्यामागे गेलेले दिवस परत येत नाहीत. पोटात घेतलेल्या काही काढ्यांनी व भस्मांनी मात्र यकृतास प्रत्यक्ष इजा होते. जे जे पोटात गेले असेल ते ते सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या केव्हा थांबवावयाच्या हे डॉक्टर ठरवितात. त्या आपल्या मनाने चालू ठेवू नयेत वा बंदही करू नयेत.

दुसरी गोष्ट पोषणाची. यकृताचा जुना रुग्ण बाहेरून फुगलेला दिसला तरी त्याचे स्नायू झिजलेले असतात. त्यास पुरेसे प्रथिन हवे आणि रात्रभर उपाशी राहणे टाळावयास हवे. म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खावयास देतात. एकादशी असो वा रमजानचा रोजा असो, अशा रुग्णाने डॉक्टरांस विचारल्यावाचून उपास धरू नये. आमच्या धर्माने आजारी माणसास रोजा पुढे ढकलण्याची मुभा स्पष्ट दिलेली आहे. घरातील वडीलधाऱ्यांनीच ती आठवण करून दिली तर रुग्णाच्या मनाला बोचत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपाशी राहण्याविषयीही समजूत बदललेली आहे. पूर्वी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही देत नसत. आता साधारणतः घन आहार सहा तास आधी व स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. ज्याच्या बाबतीत निराळा नियम हवा त्यास तसे सांगतात. ठरलेल्या वेळेनंतर मात्र "एक घोट चहाने काय होते?" असे म्हणून लपूनछपून काही देऊ नये. भुलीत ते उलटून फुफ्फुसात गेले तर प्राणावर बेतते.

याच दिवसांत परिचारिका रुग्णास श्वासाचे व्यायाम शिकविते. तीन चेंडूंचे एक प्लॅस्टिकचे साधन हाती देऊन ते ओढून वर उचलावयास लावते. पोटावर मोठा छेद असला की माणूस दुखण्याच्या भीतीने खोल श्वास घेत नाही, आणि यकृत श्वासपटलाला लागूनच असल्याने उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पाणी व कफ साठतो. पोटावर उशी दाबून खोकावे कसे, अंथरुणातून कुशीवर वळून उठावे कसे, हे आधी शिकलेला रुग्ण नंतर पुष्कळ सुखी होतो. आम्हां शिक्षकांस हा अनुभव नवा नाही. परीक्षेच्या दिवशी शिकविलेले उपयोगी पडत नाही, आधी शिकविलेलेच पडते.

शस्त्रक्रियागृहात

शस्त्रक्रियागृहाच्या दारापलीकडे घरच्यांना जाता येत नाही, म्हणून तेथे काय चालते ते थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची एक तपासणी यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी अशी तीनदा ती मोठ्याने वाचावयाची असते. रुग्णाचे नाव काय, शस्त्रक्रिया कोणती, रक्ताची सोय आहे काय, प्रतिजैविक वेळेवर दिले काय, असे साधेच प्रश्न त्यात आहेत. दिल्लीसह जगातील आठ शहरांत या यादीचा प्रयोग झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर व गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा अकरावरून सातवर आलेले दिसले. ही यादी बहुधा परिचारिकाच वाचते. रुग्णाला त्याचे नाव वारंवार विचारले जाते तेव्हा "किती वेळा सांगायचे?" असे रागावू नये. ती विसरलेली नसते, खात्री करीत असते.

यकृताच्या शस्त्रक्रियेत तिच्या आणखी काही जबाबदाऱ्या असतात. रुग्णाचे अंग उबदार ठेवणे ही त्यांतील पहिली. शरीर थंड पडले की रक्त नीट गोठत नाही, आणि येथे तर गोठविणारे घटक तयार करणारा कारखानाच कापला जात असतो. म्हणून उबदार हवेचे पांघरूण घालतात, शिरेतून जाणारे द्रवही कोमट करून देतात. प्रिंगल यांच्या युक्तीप्रमाणे रक्तवाहिन्या दाबल्या की एक परिचारिका घड्याळ पाहते. साधारण पंधरा मिनिटे दाब व पाच मिनिटे मोकळीक, असा क्रम पुष्कळ ठिकाणी ठेवतात. वेळ झाली की ती मोठ्याने सांगते. यकृत कापत असताना भूलतज्ज्ञ शिरांतील दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे कापलेल्या पृष्ठभागातून रक्त कमी वाहते. त्यामुळे त्या वेळी द्रव जपून दिले जातात व नंतर मूत्रपिंडांवर विशेष नजर ठेवावी लागते.

मग मोजणी. गॉजच्या घड्या, मॉप, सुया, चिमटे हे सर्व आरंभी मोजतात, पोट बंद करण्यापूर्वी मोजतात आणि अखेरीस पुन्हा मोजतात. एक जरी कमी भरले तरी शस्त्रक्रिया करणारा कितीही मोठा असो, त्यास थांबावे लागते. त्यास थांबा म्हणण्याचा अधिकार त्या मुलीला आहे, आणि तो वापरण्याचे धैर्य तिच्यात असावे लागते. जिगर लागते ती अशा जागी.

पहिले पाच दिवस

शस्त्रक्रियेनंतर रुग्णास बहुधा अतिदक्षता विभागात नेतात. प्रथम दर पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग तासाने नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान व शुद्ध यांची नोंद होते. ही नोंद का, ते समजण्यासाठी मुख्य धोके पाहू.

(१) रक्तस्राव. हा बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतील धोका. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, रुग्ण बेचैन होतो. पुष्कळदा रक्तदाब शेवटी उतरतो. म्हणून चांगली परिचारिका रक्तदाब चांगला आहे एवढ्यावर समाधान मानीत नाही. पोटात ठेवलेल्या नळीची पिशवी ताज्या लाल रक्ताने भराभर भरू लागली तर ती ताबडतोब डॉक्टरांस बोलाविते. पण नळी कोरडी म्हणजे सर्व क्षेम असेही नव्हे, कारण नळी गुठळीने बंदही पडते. शिवाय आजकाल प्रत्येक रुग्णास नळी ठेवतातच असे नाही.

(२) पित्त गळणे. कापलेल्या पृष्ठभागावरील बारीक पित्तनलिकेतून पित्त झिरपते. नळीतील द्रव हिरवट वा सोनेरी पिवळा होतो, ताप येतो, पोट दुखते. तिसऱ्या दिवसापासून नळीतील द्रवात पित्तद्रव्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा तिप्पट वा अधिक आढळले तर पित्तगळती आहे असे धरतात. द्रवाचा रंग रोज लिहून ठेवला असेल तरच बदल लक्षात येतो.

(३) यकृत अपुरे पडणे. हा सर्वांत मोठा धोका, आणि तो उशिरा कळतो. पाचव्या दिवशी किंवा त्यानंतर कावीळ वाढत आहे व रक्त गोठण्यास लागणारा वेळही वाढत आहे, असे तपासण्यांत दिसले तर डॉक्टर सावध होतात. परंतु तपासणीपूर्वीही डोळ्यांना काही दिसू शकते. सिस्टर विचारते, "आजोबा, आज वार कोणता?" आजोबा बुधवारला शुक्रवार म्हणतात. नातू हसून म्हणतो, "सिस्टर, ते घरीही असेच करतात." सिस्टर हसत नाही. ती त्यांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरावयास सांगते. पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडले तर अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचू लागली आहेत, अशी शंका ती घेते. दिवसा झोपणे व रात्री जागणे हेही त्याचेच एक लक्षण. अशा वेळी शौचास साफ होणे महत्त्वाचे असते. त्यासाठी दिलेले गोड औषध "जुलाब होतात" म्हणून घरच्यांनी बंद करू नये. आणि आजोबा खरोखरच घरी असे करीत असतील तर तेही सांगावे, कारण तुलना त्याच्याशीच करावयाची असते.

(४) साखर उतरणे. साखरेचे कोठार लहान झाल्याने रुग्णाच्या रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, गुंगी ही लक्षणे भुलीच्या वा वेदनाशामकाच्या गुंगीत झाकून जातात. म्हणून मधुमेह नसलेल्याच्याही बोटातून काही तासांनी रक्ताचा थेंब घेतात.

(५) मूत्रपिंडे, फुफ्फुसे व गुठळ्या. लघवी ताशी दर किलो वजनामागे निदान अर्धा मिलिलिटर व्हावी असा ठोकताळा आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसास तासाला तीस मिलिलिटर. ती कमी झाली तर परिचारिका सकाळची वाट पाहत नाही. फुफ्फुसांसाठी श्वासाचे व्यायाम व लवकर उठून बसणे. पायांतील शिरांत गुठळी होऊ नये म्हणून दाबाचे मोजे, आवश्यक तेव्हा इंजेक्शन आणि चालणे. यकृत दुबळे असले की रक्त पातळच राहते व गुठळी होत नाही, हा समज चुकीचा आहे.

वेदनेविषयी दोन शब्द. वेदना सोसणे म्हणजे शौर्य नव्हे. दुखत असेल तर रुग्ण खोकत नाही, उठत नाही आणि त्याची प्रकृती बिघडते. परंतु यकृत कापलेल्या माणसास नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या मात्रेत चालत नाहीत. पॅरासिटामॉलही डॉक्टर मोजून देतात. दुकानातून मिळणाऱ्या अन्य वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडास व जठरास अपाय करू शकतात, आणि झोपेच्या गोळीने बुद्धिभ्रम झाकला जातो वा वाढतो. पाठीत बारीक नळी घालून वेदना शमविली असेल तर ती नळी काढण्यापूर्वीही रक्त नीट गोठते आहे याची खात्री करतात. म्हणून पिशवीतून आणलेली एकही गोळी रुग्णास परस्पर देऊ नये.

आता पूर्वीप्रमाणे आठवडाभर अंथरुणाला खिळवून ठेवीत नाहीत. सर्व ठीक असेल तर पहिल्याच दिवशी थोडे खाणे-पिणे व खुर्चीत बसणे सुरू करतात. "कालच पोट फाडले आणि आज उठवतात, ही कसली माणुसकी?" असे एखाद्या मावशी पदर डोळ्याला लावून म्हणतात. मावशींची माया खरी आहे, पण रुग्णाचे भले उठण्यातच आहे.

घरच्या मंडळींचे कर्तव्य

रुग्णाजवळ एक शहाणा माणूस ठेवावा, दहा नव्हेत. हात धुऊनच जवळ जावे. घरचा डबा द्यावयाचा असेल तर विचारून द्यावा. नळीला, सलाईनला हात लावू नये. रुग्ण बरळतो, फार झोपतो, नेहमीसारखा वाटत नाही, असे मनात आले तर ते त्याच क्षणी सिस्टरला सांगावे. तुम्ही त्यास तीस वर्षे ओळखता, ती तीन दिवस ओळखते. ही माहिती तुमच्यापाशीच असते. ड्यूटी बदलण्याच्या वेळी दोन परिचारिका एकमेकींना रुग्णाची हकीकत सांगत असतात. त्या दहा मिनिटांत मध्येच बिलाची चौकशी करू नये.

घरी आल्यावर ताप, वाढती कावीळ, पोटाचा फुगवटा, जखमेतून पाणी वा पू, काळे शौच, रक्ताची उलटी, धाप, पायाची सूज किंवा बुद्धीचा गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. दारू कायमची वर्ज्य करावी.

यकृतदान करणाऱ्याचा विसर पडू नये. पुष्कळदा बहीण, पत्नी किंवा मुलगा आपल्या यकृताचा मोठा भाग देतो. प्रौढास दान करताना तो निम्म्याहून अधिकही असू शकतो. सारे घर रुग्णाभोवती जमते आणि धडधाकट म्हणून आत गेलेली ती बहीण पलीकडच्या खाटेवर एकटी असते. तिलाही वरील सर्व धोके आहेत व वरील सर्व शुश्रूषा हवी आहे. तिच्याकडे बसावयास निराळा माणूस नेमावा. मरणोत्तर दानाचीही सोय आहे. तेलंगणात २०१३ पासून 'जीवनदान' योजनेखाली हे काम चालते, आणि उस्मानिया सार्वजनिक रुग्णालयातही यकृत प्रत्यारोपणे झालेली आहेत.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र शस्त्रक्रियेची वेळच येऊ न देणे. ब संसर्गाच्या काविळीची लस देशभरच्या बालकांच्या लसीकरणात २०११ पर्यंत आली. पहिली मात्रा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. क संसर्गास लस नाही, पण तो आता गोळ्यांनी बहुतेकांत बरा होतो, आणि २०१८ पासून त्याची तपासणी व उपचार यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. घरात एकास असेल तर सर्वांनी तपासून घ्यावे.

एक विनंती

शेवटी संस्थेच्या सभासदांपुढे एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. हुशार मुलगी डॉक्टर होते म्हटले की आपण पेढे वाटतो, आणि परिचारिका होते म्हटले की "रात्रपाळी असते, लग्न कसे जमेल?" असे विचारतो. हा प्रश्न आम्ही हिंदू घरांतून ऐकला आहे व आमच्या मुस्लिम घरांतूनही ऐकला आहे. त्यावर एक दाखला देतो. युरोपातील नऊ देशांतील तीनशे रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेवर एका जादा रुग्णाचा भार पडला की रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. उलट पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की ती तेवढीच कमी झालेली आढळली. म्हणजे पुरेशा व शिकलेल्या परिचारिका असणे ही सोयीची गोष्ट नव्हे, जिवाची गोष्ट आहे.

आजोबांचे पंजे फडफडताना पाहून काय समजावे, हे शिकविल्यावाचून येत नाही. ते शिकण्यास विज्ञान लागते, गणित लागते, इंग्रजी लागते आणि अनेक वर्षे लागतात. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी निदान एका मुलीस परिचर्येच्या पदवीसाठी साहाय्य मिळावे, अशी आमची विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. मुलींची नावे सुचविण्याचे व त्यांच्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांशी बोलण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. आणि पुढच्या वेळी दवाखान्यातून निघताना मोठ्या डॉक्टरांना नमस्कार करून झाला की रात्रपाळीच्या सिस्टरचे नावही विचारावे, व तिचे आभार मानून मगच घरी जावे.